कॅसेट नंबर सत्तेचाळीस

२ मे

ऊन दाखवलं! कॅसेटींना! वाचनालयाच्या गच्चीवर जुनी साडी अंथरून माझ्या वडिलांच्या, आण्णांच्या, सगळ्या कॅसेटी वाळत घातलेल्या. शेजारी कुणाच्या तरी कुरडया. वरून कडुलिंबाचा पाला. मी धावत वर गेले तर अध्यक्ष कुंडलिकराव पाला सारखा करत बसलेले. “अवो नूतनताई, बुरशी धरली व्हती. गव्हाला किडा लागला की काय करतो आपन?”

गव्हाला! अख्ख्या पेठेत अध्यक्ष करायला हाच माणूस सापडला.

३ मे

मोजल्या. एकशे बारांपैकी एकवीस वाकड्या. मशीनमध्ये घातल्या की फिरतच नाहीत.

आण्णा आठवडाभर शाळा शिकवायचे आणि रविवारी खांद्याला टेप अडकवून भीमाशंकरकडच्या वाड्या पायी फिरायचे. बायकांची गाणी भरून आणायचे. कुंडलिकरावांनी त्यातलं एकही ऐकलेलं नाही. ऐकायला बसवलं की घोरतात. सत्काराचा नारळ घ्यायला मात्र सगळ्यांच्या पुढे!

६ मे

ठकूबाई आल्या होत्या. साठीच्या असतील. डोंगरातल्या वाडीवरून, दोन एसट्या बदलून. “माज्या आयचा आवाज हाय म्हनं तुमच्याकडं. फोटू न्हाई तिचा. कशी बोलायची त्ये बी इसारले मी.”

आईचं नाव गोजरबाई. आण्णांच्या वहीत लगेच सापडलं — ‘४७. गोजरबाई. जात्यावरच्या ओव्या, लेकीवर.’ ठकूबाईंना वाचता येत नाही. तरी त्या ओळीवर कितीतरी वेळ बोट ठेवून बसल्या. तेरा तारखेला या, नक्की ऐकवते म्हटलं.

कुंडलिकराव म्हणाले, “बसा मावशी, च्या मागवतो.” चहा मागवण्यात हुशार आहेत.

७ मे

सत्तेचाळीस नंबर वाकड्यांतच निघाली. निघणारच!

१० मे

फीत काढून दुसऱ्या कॅसेटच्या डबीत भरायची. पाच बारके स्क्रू, चष्मा नाकावर, पंखा बंद. घामाच्या धारा.

आणि काय दिसावं? जुन्या डबीच्या मागच्या भोकात कागदाचा बोळा! आण्णांची पद्धत होती — गाणं भरून झालं की कॅसेटच्या मागचे दोन दात मोडून टाकायचे. मग तिच्यावर दुसरं काही भरताच येत नाही. भोकात बोळा कोंबला तरच येतं. म्हणजे कुणीतरी मुद्दाम कोंबला. कोण गाढव?

कुंडलिकराव म्हणाले, “आमी न्हाई बा. गनपतीत आरत्या भरल्या व्हत्या, पन त्या नव्या कॅसेटीवर.” नव्या म्हणे! माझी खात्री आहे, हेच.

११ मे

कमिटीसमोर स्पष्ट सांगितलं. एका आईचा आवाज पुसलात तुम्ही, लाज वाटू द्या! कुंडलिकराव टोपी काढून मांडीवर घेऊन बसले.

१२ मे

फीत फिरली.

“हॅलो हॅलो, हे पेठ आकाशवाणी केंद्र आहे. नूतन आपल्याला बातम्या देत आहे.” मी. आठ वर्षांची. अर्धा तास बातम्या, हवामान, खोकला, खिदळणं. मग दार वाजतं आणि आण्णांचा आवाज — “नूतन, कुठली कॅसेट घेतलीस गं?” खट्.

त्यानंतर एकोणीस सेकंद गोजरबाई. जात्याची घरघर, आणि “ठकू माझी लेक गं—”. फीत संपते.

आण्णांना माहीत होतं. वहीतली ओळ त्यांनी तशीच ठेवली.

उद्या ठकूबाई येणार. आज आधी कुंडलिकरावांच्या घरी जायचं.