मधातली जागा

बाबा, राईस मिलच्या मागचं पटांगण परवा फोडलं. मी आणि आई मुद्दाम बघायला गेलो नव्हतो, बाजारातून परतताना दिसलं. जेसीबी सिमेंटचे तुकडे उचलून ट्रॉलीत टाकत होता. ट्रॉलीवाल्याला विचारलं तर म्हणाला, इथे लग्नाचं लॉन होणार आहे. आई थोडी थांबली, "बरं झालं, लय भेगा पडल्या होत्या," म्हणाली आणि वांग्यांची पिशवी दुसऱ्या हातात घेऊन चालायला लागली. मी मागे राहिले. आम्ही चपला काढायचो तो कोपरा तेवढा अजून शाबूत होता. पटांगण गेलं हे तुम्हाला कळवण्यासाठी मी लिहीत नाही. मला एक गोष्ट विचारायची आहे. ती विचारण्याआधी सगळं क्रमाने मांडावं लागेल, कारण क्रम लावल्याशिवाय मला विचार करता येत नाही. प्रश्न असा आहे: तुमच्या कराटेच्या त्या शेवटच्या वर्गात, माझा ठोसा येत असताना, तुम्ही स्वतःहून पुढे आलात की तोल जाऊन तुमचा पाय गेला?

वर्ग सुरू झाला तेव्हा मी दुसरीत होते. नव्याण्णव साल. तुम्ही त्या मिलमध्ये फिटर होता, आणि नागपूरच्या कारखान्यात असताना शिकलेला कराटे तुमच्या अंगात तसाच पडून होता. शेठ म्हणाले होते, "सुबह धान फैलाने के पहले जो करना है कर लो, मेरे को क्या." म्हणून सडक अर्जुनीतली पोरं भल्या पहाटे उकडलेल्या, उसन्या धानाच्या वासात उभी राहायची. पलीकडे हायवेवर रायपूरकडे जाणारे ट्रक हॉर्न वाजवत जात, आणि आम्ही त्या आवाजावर आमचा आवाज चढवायचो. ढाबेवाल्याची मुलगी होती, पंक्चरवाल्याचे दोघं भाऊ, आपल्या मोहल्ल्यातली बरीचशी, पलीकडच्या शेतकऱ्यांची काही. पांढरे ड्रेस आई मांजरपाटाचे शिवायची. पोरं तुम्हाला सर म्हणायची आणि तिला काकू. मीही वर्गात तुम्हाला सर म्हणायचे. घरी आल्यावर पुन्हा बाबा म्हणायला मला थोडा वेळ लागायचा, हे तुमच्या लक्षात आलं होतं की नाही, माहीत नाही.

दुसरीकडे कुठेही नसेल असा नियम आपल्या वर्गात होता. डालड्याच्या जुन्या डब्यात तुम्ही बॉयलरमधली तुसाची राख आणून ठेवायचा. जोडी लावली की दोघांनी मुठी राखेत बुडवायच्या. ठोसा पूर्ण जोराने मारायचा, आणि समोरच्याच्या अंगापासून एक बोट अलीकडे थांबवायचा. पांढऱ्या ड्रेसवर राखेचा डाग उमटला की मारणारा बाद, त्या दिवसापुरता कठड्यावर. पहिल्याच महिन्यात मी पंक्चरवाल्याच्या धाकट्याचं नाक फोडलं. मला वाटलं तुम्ही ओरडाल. तुम्ही त्याचं नाक पाण्याने धुतलं, मग माझ्यासमोर उकिडवे बसलात. "हात कोणाचा होय?" माझा, मी म्हणाले. "नाक?" त्याचं. "अन् मधातली जागा?" मी माझ्या राखेच्या मुठीकडे पाहिलं. "मधातली जागा दोघाईची होय. तुह्या एकटीची नाही. समजलं? जाय, बस." मी कठड्यावर बसले. नाकात कापूस घातलेला तो पोरगा तिकडून मला जीभ दाखवत होता. त्यानंतर माझ्या हातून डाग पडला नाही. मी लहानपणापासून हिशेबी आहे. अंतर हा विषय मला लगेच समजला.

आपल्या स्वयंपाकघरात रविवारी पोरांची रांग लागायची. आई आदल्या दिवशी हरभरे भिजत घालायची, वर गुळाचा खडा. ड्रेसवर डाग असलेल्याला ती चिमूटभर कमी द्यायची. "राख काय तुहा बाप धुवून राहिला का?" असं विचारायची, आणि मग पाठ वळली की त्याच पोराच्या ओंजळीत आणखी टाकायची. घरातलं हसू तिथेच असायचं. धानाच्या हंगामात पटांगण मिळायचं नाही, मग वर्ग आपल्या मोहल्ल्यातल्या विहाराच्या हॉलमध्ये भरायचा, आणि तेवढे दिवस शेतकऱ्यांची काही पोरं येत नसत. त्यांच्या घरून कुणी काही बोलायचं नाही. पोरगं आजारी आहे, परीक्षा आहे, एवढंच. धान उचललं गेलं की ती परत यायची आणि तुम्ही त्यांना काल सोडल्यासारखं पुढे शिकवायला लागायचा. आईला ते आवडायचं नाही. "काऊन विचारत नाही तुमी?" ती म्हणायची. तुम्ही पाना पुसत राहायचा. गुरुपौर्णिमेला ती पोरं पाया पडायला वाकली की तुम्ही एक पाऊल मागे सरकून हात जोडायचा. "लांबूनच, लांबूनच." यातून कुणी मोठा अर्थ काढील. तुम्ही तो कधी बोलून दाखवला नाही, म्हणून मीही लिहीत नाही.

पण घरातही लांबूनच होतं. दहावीचा निकाल लागला तेव्हा तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, कपाटातून तुमचा फिलर गेज काढून दिला. पोलादाच्या पातळ पानांचा जुडगा, दोन भागांमधली फट मोजायचा. "पान जाते तोवर जागा हाय. पान अडकलं का टेकलं समजायचं," तुम्ही म्हणालात. मी त्याच उन्हाळ्यात गोंदियाला पॉलिटेक्निकला प्रवेश घेतला. तो गेज अजून माझ्या बॅगेत असतो. माझ्याकडे आता याहून चांगली उपकरणं आहेत, तरी असतो.

मग ती जिल्ह्याची स्पर्धा. मी अंतिम फेरीत होते, तोवरच्या पंचांनी थांबलेले ठोसेही मोजले होते, आणि वर्गातली सगळी पोरं, त्यांचे आईबाप, कोणी ट्रॅक्स गाडी भाड्याने करून, कोणी एसटीने गोंदियाला आले होते. समोरची मुलगी बाहेरच्या एका मोठ्या क्लासची, चपळ, बरी खेळणारी. माझा प्रत्येक ठोसा तिच्या छातीपासून एक बोट अलीकडे थांबला. तिचे मला लागले, फार नाही, आवाज येण्यापुरते. पंचांनी तिचं निशाण वर केलं, पुन्हा पुन्हा. एक पंच मला हिंदीत म्हणाला, "बेटा, टच तो करो, दिखेगा कैसे?" मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही मान हलवलीत, नाही म्हणून. अगदी थोडी. मी हरले. परतीच्या गाडीत ढाबेवाले काका तुमच्या समोरच्या सीटवर होते. "सर, राग नोका मानू, पण तुमची पोरगी मारून राहिली होती का अगरबत्ती ओवाळून राहिली होती?" गाडी हसली. तुम्ही म्हणालात, "थांबली ते बरोबर जागी थांबली." "अवो पण थांबाले कायले शिकवता? थांबाले तर आमची म्हैस बी थांबते." पुन्हा हसले सगळे. मीही खिडकीबाहेर पाहत हसले, कारण वाक्य चांगलं होतं. तुम्ही हसला नाहीत. मला एवढंच हवं होतं की तुम्ही माझ्याकडे पाहून काहीतरी म्हणावं. "बरोबर जागी थांबली," हे तुम्ही त्यांना सांगितलं होतं, मला नाही.

त्यानंतर वर्ग रिकामा होत गेला. शाळेच्या मैदानावर दुसरा क्लास सुरू झाला, तिथे पदकं मिळत होती, फोटो छापून येत होते. ढाबेवाल्यांची मुलगी तिकडे गेली, तिच्या मागोमाग बाकीच्या. पंक्चरवाल्याचा थोरला आईला सांगायला आला, चपला हातात घेऊन दारातच उभा राहिला, आणि आईने त्याला हरभरे दिले. तुम्ही काही बदललं नाही. राखेचा डबा भरत राहिलात. मी सुट्टीत घरी आले की वर्गाला उभी राहायचे, आणि दर वेळी रांग तोकडी झालेली असायची. मला तुमचा राग येत होता. मी तो दाखवला नाही. दाखवायचा कसा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि तो दिवस. लहान लहान चार-पाच पोरं आहेत, ऊन अजून भिंतीवर चढलेलं नाही. माझ्या उंचीचं कुणी उरलेलं नाही, म्हणून तुम्ही स्वतः समोर येता. तुम्ही माझ्याशी कधीच जोडी लावलेली नाही, नेहमी बाजूला उभे राहून पाहता. "मार," तुम्ही म्हणता. मी मूठ राखेत बुडवते, अंतर डोळ्याने मोजते, आणि मारते. ठोसा जिथे थांबायला हवा तिथेच थांबतो. याबद्दल माझ्या मनात शंका नाही, तेव्हाही नव्हती. पण हाताला कापड लागतं, कापडामागे हाड लागतं. तुमच्या छातीवर डाव्या बाजूला माझ्या मुठीच्या गाठी राखेने उमटलेल्या असतात. एक पोरगी आनंदाने ओरडते, "ताई आऊट! ताई बी आऊट!" तुम्ही खाली डागाकडे पाहता. मग माझ्याकडे. तुमच्या चेहऱ्यावर काहीतरी असतं, मी ते अनेकदा आठवून पाहिलं आहे, आणि जितक्या वेळा आठवलं तितकं ते माझ्या इच्छेसारखं होत गेलं आहे, म्हणून आता त्याचा पुरावा म्हणून उपयोग नाही. "जाय, बस," तुम्ही म्हणता. मी कठड्यावर जाऊन बसते, चिडून, कारण चूक माझी नाही, हललात ते तुम्ही. तुम्ही डाग झटकत नाही. तो तसाच छातीवर घेऊन उरलेला वर्ग शिकवता.

त्याच आठवड्यात तुम्ही मिलमध्ये यंत्राच्या पट्ट्याशेजारी पडलात. शेठनी त्यांची गाडी दिली. गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टरांनी लकवा सांगितला, डावी बाजू. मी विचारलं, आधी काही लक्षणं दिसतात का. ते म्हणाले, कधी कधी पाय लटपटतो, तोल जातो, माणूस लक्ष देत नाही. मला माझं उत्तर मिळालं, आणि ते तांत्रिकदृष्ट्या पुरेसं होतं. नर्स म्हणाली, "हात धरा नं त्याईचा, समजते त्याईले." तुमचा हात चादरीवर होता, माझा पलंगाच्या लोखंडी कडेवर. मध्ये किती जागा होती ते मी लिहिणार नाही. दोन दिवसांनी तुम्ही गेलात, आणि ती मोजण्याचं कारण संपलं.

वर्ग मी काही महिने चालवला, शनिवार-रविवार येऊन. पोरं तुमच्यासारखी शांतता माझ्यात शोधायची आणि त्यांना नुसता गप्पपणा मिळायचा. एका रविवारी कुणीच आलं नाही. मी राखेचा डबा घरी आणला, आणि आईने ती राख भांडी घासायला घेतली. डिप्लोमानंतर मी डिग्री केली. आता वीज केंद्रात आहे, फिरणाऱ्या आणि न फिरणाऱ्या भागांमधली फट राखणं हे माझं काम. ते मी चांगलं करते. मधे एकाशी लग्नाचं ठरत होतं. तो म्हणाला, तू जवळ येतेस, पोचत नाहीस. मी वाद घातला नाही, निरीक्षण बरोबर होतं. ढाबेवाल्यांची मुलगी मागच्या महिन्यात बसस्टँडवर भेटली, कडेवर पोरगी. "ताई, क्लास चालू कर नं वो. पोरीले मारता आलं पायजे आजकाल." मी म्हणाले, मला मारता येत नाही. तिला वाटलं मी गंमत करते आहे, ती हसली आणि पोरीचा हात हलवून मला टाटा करायला लावला. मला थांबता येतं, बाबा. फक्त तेवढंच येतं. एक बोट उरल्यावर पुढे काय करायचं असतं, ते तुम्ही नंतर शिकवायचं ठेवलं होतं की तुम्हालाही माहीत नव्हतं, हे मी कुणाला विचारू.

म्हणून तो प्रश्न. पाय गेला असेल, तर आपल्या दोघांच्या मधली जागा शेवटपर्यंत तशीच होती आणि तुमचा आजार चुकून तिच्यातून गेला. तुम्ही स्वतःहून पुढे आला असाल, तर ती एकदा तुम्ही मिटवलीत, सगळ्या पोरांसमोर, तुमचाच नियम मोडून, आणि मी कठड्यावर जाऊन चिडून बसले. दोन्ही उत्तरं मला सहन होण्यासारखी नाहीत, तरी त्यातलं एक मला हवं आहे. आणि ते मिळण्याची एक वाट अजून उघडी आहे. त्या दिवशी घरी आल्यावर तुमचा ड्रेस आईनेच धुतला असणार. तिने डाग पाहिला असेल. विचारलंही असेल, हा कोणाचा, आणि तुम्ही तिला काहीतरी सांगितलं असेल. आई आत्ता शेजारच्या खोलीत तांदूळ निवडते आहे, तिची आठवण पक्की आहे, पोरांच्या ड्रेसची मापंसुद्धा तिला अजून पाठ आहेत. मधे फक्त एक दार आहे. इतक्या वर्षांत मी तिला विचारलेलं नाही. आजही विचारणार नाही.