चांगुणाच्या नावाचा आहेर

११ एप्रिल, शुक्रवार

उशीर झाला, वही. माफ कर. संक्रांतीला नात आली होती, राजनंदिनी, आमची नंदू. तिनंच तुला माझ्या हातात दिलं. म्हणाली, "आजोबा, रोज बीपी मोजा, इथं लिहा. आणि मनात येईल त्या दोन ओळी लिहा. मनातलं बाहेर पडलं की बीपी उतरतं." मी तीन दिवस बीपीचे आकडे लिहिले आणि मग तुला कपाटात कपड्यांखाली सारलं. लिहायचं तर खरं लिहावं लागणार, त्याची भीती होती. आज काढली, कारण दुसऱ्या कोणाजवळ बोलता येत नाही.

कार्डाचं बिल आलं. एक लाख चार हजार सहाशे. चष्मा पुसून परत वाचलं. तेवढंच होतं.

बीपी १६४/९६.

१५ एप्रिल, मंगळवार

बँक तीन दिवस बंद होती. आज उघडायच्या आधी जाऊन पायरीवर बसलो. लीना मॅडम नवीन आहेत, पण शांतपणे सांगतात.

म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही दर महिन्याला भरता ती कमीत कमी रक्कम आहे. तेवढी भरली म्हणजे बिल फिटलं असं नाही."

मी दोन वर्षं त्याला हप्ता समजत होतो. महिन्याला पाच हजार, एकदाही चुकवला नाही. मला वाटायचं, बँकेत आपली पत असेल.

"मग ते पैसे गेले कुठं?"

"बरेचसे व्याजात."

"व्याज काय दरानं?"

"महिन्याला साडेतीन टक्के."

शेकडा साडेतीन. घोडेगावच्या बाजारात मी चाळीस वर्षं गुरांची दलाली केली. शेकडा तीन मागणाऱ्या सावकाराला आम्ही चहा पाजत नव्हतो.

मॅडमचं म्हणणं, ठेव मोडा, कार्ड फेडून बंद करा. त्यांना काय माहीत ती ठेव कसली. माझ्या बायकोनं, चांगुणानं, डेअरीला दूध घालून घालून साठवलेले दीड लाख आहेत ते. जाताना म्हणाली होती, "नंदूच्या शिकन्याचं हाय, हात लावू नका." त्याच ठेवीवर बँकेतल्या आधीच्या साहेबानं मला कार्ड दिलं होतं. बिल थकलं तर बँक तिथूनच कापून घेणार. नंदूला नगरला नर्सिंगला घालायचं ठरलंय. पंच्याण्णव हजार फी, तीस जूनपर्यंत.

घरी येऊन गॅस बंद आहे का ते चार वेळा पाहिलं. सकाळपासून पेटवलाच नव्हता.

१६ एप्रिल

बीपी लिहीत नाही. काय लिहायचं.

१८ एप्रिल, शुक्रवार

एवढे पैसे गेले कशात, ते आज लिहून टाकतो.

चांगुणा गेली त्याच्या पुढच्या महिन्यात भाच्याचं लग्न होतं. मी घरातून उठत नव्हतो. शेवटी लोकांनी नेलं. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून वाटेत दुकानातून मिक्सर घेतला. कार्ड टेकवलं, झालं. मंडपात आहेर लिहिणाऱ्यानं नाव विचारलं. मी म्हणालो, माझं नको, तिचं घाल.

लग्नात माईकवर गोरक्ष असतो. आमच्या भागातलं एक लग्न त्याच्याशिवाय लागत नाही. आवाज भरलेला. तो म्हणाला, "कैलासवासी चांगुणाबाई यांच्या स्मरणार्थ, मिक्सर." मंडपाच्या चार कोपऱ्यांतल्या चार भोंग्यांतून तिचं नाव आलं. लोकांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. घरात महिनाभर ते नाव कोणी घेतलं नव्हतं. घेणार कोण, मीच एकटा.

त्या दिवशी जेवण गेलं. झोप लागली. दुसऱ्या दिवशी परत घर तसंच.

मग पत्रिका आली की बरं वाटायला लागलं. ओळख असो नसो, जायचो. पैठणी दिली. कुलर दिला. एका ठिकाणी लोखंडी कपाट दिलं, ते त्यांच्या दारातून आत जाईना. लहान वस्तू दिली तर गोरक्ष यादीत भरभर उरकतो. मोठी असली की थांबून, सावकाश नाव घेतो. त्या थांबण्याचे पैसे दिले मी.

आता कळतंय म्हणून लिहितोय असं नाही. तेव्हाही कळत होतं.

२२ एप्रिल

प्रणिताचा फोन. लेक माझी, राहात्याला असते, नंदूची आई. "आबा, ठेव सोडवायला कधी येऊ?"

"जूनमधी बघू."

"जागेवर आहे ना?"

"आहे की. ठेव कुठं जाती."

फोन ठेवला तर हाताचा घाम फोनला लागला होता. आयुष्यात दलाल म्हणून खोटं पुष्कळ बोललो. बैल सहा दाती असताना चार दाती म्हणालो, वय कमी दिसावं म्हणून. पण लेकीला पहिल्यांदाच.

२७ एप्रिल, रविवार

जायचं नाही ठरवलं होतं. गेलो. पाण्याचा फिल्टर, सहा हजार चारशे. गोरक्षनं नाव घेतलं, पण त्याच वेळी जनरेटर बंद पडला. "कैलासवासी चांगु" एवढंच आलं.

मंडपाबाहेर येऊन कडुनिंबाखाली बसून राहिलो. एक लाख अकरा हजार झाले.

२ मे, शुक्रवार

खाजाभाईला सांगितलं. माझा जुना सोबती. बाजारातली जनावरं त्याच्या टेम्पोतून जायची. आता टेम्पो पोरगा चालवतो आणि हा बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर बसून सगळ्यांना नावं ठेवतो.

सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "कपाट दिलंस लोकाला? कपाट? आमदारकीला उभा ऱ्हातोस का काय काकासाहेब?"

मग त्यानं हात पुढे केला. "कार्ड आन इकडं."

दिलं. त्यानं ते खांद्यावरच्या रुमालात गुंडाळून खिशात घातलं.

"हे आता माझं जनावर. तुला लागंल तवा यायचं. बाजारात जसा सौदा करतो तसा रुमालाखाली हात घालायचा आन आकडा सांगायचा. तोंडानं एक शब्द न्हाई. पटला तर देतो."

"न पटला तर?"

"तर चहा पिऊन घरी जायचं. पैसे तू द्यायचं."

आमच्याकडे भाव तोंडानं करत नाहीत. दोघांचे हात रुमालाखाली, बोटं धरायची, बोटाला ठरलेला आकडा. भोवती दहा जण उभे असले तरी कळत नाही. त्यात मला कोणी फसवलं नाही. आणि दुकानात काचेच्या दरवाज्याआड कधी भावसुद्धा विचारला नाही.

९ मे, शुक्रवार

खाजाभाईनं बाजारात बसवलं परत. डोळ्यांना जनावराचे दात नीट दिसत नाहीत, बोटानं चाचपतो. दोन म्हशींचे सौदे जुळवले. सातशे रुपये दलाली. उन्हानं डोकं दुखतंय.

एका व्यापाऱ्यानं विचारलं, "म्हातारपनी कशाला आलाव?" म्हटलं, करमत नाही.

बीपी १५८/९४.

१० मे

सकाळ-संध्याकाळ भाकरी आणि चटणी. तक्रार नाही. कार्डाचे भरता येतील तेवढे भरले. नंदूचा बारावीचा निकाल लागला, चौऱ्याहत्तर टक्के. फोनवर तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "आजोबा, बीपी लिहिताय ना?" लिहितोय म्हणालो. हे तरी खरं आहे.

१४ मे, बुधवार

पत्रिका आली. गणपत मिस्त्रीच्या नातवाचं लग्न, रविवारी. गणपतची बायको आणि चांगुणा एकाच नळावर पाणी भरायच्या. इथं तरी तिचं नाव नीट घेतलं गेलं पाहिजे, असं डोक्यात बसलं ते निघेना. दुपारी उन्हात खाजाभाईकडे गेलो.

तो खाटेवर पडला होता. उठून बसला, रुमाल सोडला, आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. एक बोट म्हणजे हजार, असं मागेच ठरलंय.

मी त्याची पाचही बोटं धरली.

धरली आणि एकेक करून मोजली गेली. त्याच्या कडक, टेम्पोचं स्टेअरिंग धरून वाकड्या झालेल्या बोटांत ते पाच हजार भरलेले होते. ते म्हणजे महिनाभराचा हप्ता. म्हशींचे पंधरा सौदे. कार्ड टेकवताना मी एकदाही असं मोजलं नव्हतं.

मी एक बोट सोडलं. मग दुसरं. खाजाभाई माझ्याकडे बघत नव्हता, छताकडे बघत होता, बाजारात बघायचा तसाच. शेवटी एकच बोट उरलं. त्यानं तेही हळूच सोडवून घेतलं.

"च्या टाक गं," त्यानं घरात सुनेला सांगितलं. "काका बसनार हायेत."

१८ मे, रविवार

पाकिटात एकशे एक घालून गेलो. देताना मान खाली. गोरक्षनं शंभराची पाकिटं वाचली नाहीत, "आणि इतर सर्व आप्तेष्ट" म्हणून पुढे गेला. भोंग्यातून कोणाकोणाची नावं आली. मी बसून राहिलो. कोणी पाहिलं नाही माझ्याकडे.

जेवताना शेजारी गणपतची बायको येऊन टेकली. नवरदेवाची आजी, पण तिला कोणी विचारत नव्हतं. मला म्हणाली, "भाऊजी, लोकं सांगत्यात, तुमी लई मोठाले आहेर देता म्हनं चांगुणाच्या नावानं."

मला वाटलं, आज दिला नाही म्हणून बोलतेय.

"तिनं तर जन्मात अकरा रुपयांच्या वर कुनाला दिलं न्हाई," म्हणाली. "लई चिकट. माझ्या पोरीच्या लग्नात अकरा रुपये दिलं, आन रातच्या पंगतीची समदी भांडी एकटीनं घासली. वर मला शिव्या, भाजी खारट केली म्हनून." आणि हसायला लागली. दात नाहीत तिला. हसताना पदर तोंडाला लावला, तो डोळ्यांनाही लावला.

मग बराच वेळ ती चांगुणाबद्दल बोलत राहिली. नळावरची भांडणं, म्हशीचं नाव, तिचं चालणं. भोंगे एवढ्या जोरात होते की मला कान तिच्या तोंडाजवळ न्यावा लागला.

घरी आलो. दीड लाख कसे साठले ते कळलं. अकरा अकरा देऊन साठले. आणि मी तिच्याच नावानं ते उधळले.

१९ मे

थकवा. दिवसभर पडून.

२ जून, सोमवार

मोटरसायकल विकली. चौदा हजार आले, तसेच नेऊन भरले. घेणाऱ्यानं सौदा तोंडानं केला. मला घासाघीस करायचा कंटाळा आला.

परत चालत आलो. सहा किलोमीटर. वाटेत दोनदा बसलो.

११ जून

दोन पत्रिका. दोन्ही ठिकाणी अकरा रुपयांची पाकिटं पाठवली. हे आता जमतंय. तेवढ्यानं काय होतंय म्हणा.

बीपी १५०/९०.

१३ जून, शुक्रवार

बाजारात एकच सौदा. टपरीवर बसून खाजाभाईबरोबर सगळं मांडलं. एप्रिलपासून तीस हजार भरले आणि साडेसात हजार नवं व्याज चढलं. राहिले साडेअठ्ठ्याऐंशी हजार. तीस जूनला सतरा दिवस. मी रोज बाजारात उभा राहिलो तरी होत नाही. आणि थांबलो तर दर महिन्याला तीन हजार असेच जाणार.

"मॅडमनं पयल्याच दिवशी सांगितलं हुतं ते कर," खाजाभाई म्हणाला. "जखम धरून बसू नगं."

"आणि पोरीला काय सांगू?"

"जे हाय ते."

"जीभ उचलत नाही."

चहा थंड झाला.

२० जून, शुक्रवार

आज बाजार सोडून, खाजाभाईकडून कार्ड घेऊन बँकेत गेलो. ठेव मोडली. सही करताना दोनदा चुकलो. लीना मॅडमनी कागद बदलून दिला. साडेअठ्ठ्याऐंशी हजार कापले. हातात साडेएकसष्ट हजार आले. कार्ड त्यांनीच कात्रीनं कापलं. तुकडे मी मागून घेतले.

प्रणिताचे तीन फोन येऊन गेले. उचलले नाहीत. चौथ्यांदा नंदूचा आला. तोही नाही.

खाजाभाई संध्याकाळी आला, दारातच उभा राहिला. "सांगितलं?"

"नाही."

"तोंडानं होत न्हाई तर लिहून दे."

मी म्हणालो, लिहिलेलं आहे.

२२ जून, रविवार

नंदू, ही वही तुझीच. खाजाभाई उद्या राहात्याला येतोय, त्याच्याजवळ देतो. सोबत साडेएकसष्ट हजार आहेत, मोजून घे. रुमालात कार्डाचे दोन तुकडे आहेत. पहिल्या पानापासून वाच. मग आईला दाखवायचं की नाही ते तूच ठरव. साडेतेहतीस कमी पडतात. ते मी शुक्रवार शुक्रवार करून देईन, पण कॉलेज तोवर थांबेल का मला कळत नाही. रागाव, चालेल. शिव्या दे, तुझ्या आजीसारख्या. फक्त काही तरी कळव. लवकर कळव. फोन उशाशी ठेवलाय, आता उचलीन.