बहिणीला काही नाही

मी, ऑर्झेला मे टगल, वय त्र्याहत्तर, अविवाहित, धंदा लाँड्रीचा, राहणार पीकन स्ट्रीट, टॅलोवा, राज्य जॉर्जिया, असे लिहून ठेवते की माझी स्मरणशक्ती शाबूत आहे, डॉक्टरांनी हृदयाबद्दल जे सांगितले ते मला नीट समजले आहे, आणि हा कागद लिहायला मला कुणीही बसवलेले नाही. उलट बसवत नाही म्हणून सारखी उठते आहे. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रागात केलेली असून ती रद्द समजावीत.

कलम पहिले. पीकन स्ट्रीटवरील राहते घर, मागचे अंगण व त्यातील अंजिराच्या झाडासह, माझी भाची कॅमिल हिला द्यावे. कॅमिल ही माझी धाकटी बहीण रुथेनिया हिची मुलगी. ती अटलांटात राहते, दर निवडणुकीत माझ्याविरुद्धच्या पक्षाचा प्रचार करते आणि दर रविवारी मला फोन करते. मागच्या मृत्युपत्रात मी अट घातली होती, की या अंगणात त्या पक्षाची पाटी लावायची नाही. ती अट काढून टाकली आहे. घर दिले म्हणजे दिले.

कलम दुसरे. लाँड्री, तिच्या यंत्रांसह, माझे कारागीर क्लीऑन बेट्स यांना द्यावी. ही लाँड्री मूळची माझ्या वडिलांची. बँकेने त्यांना दारात उभे केले नाही, तरी त्यांनी एकेक यंत्र स्वतःच्या कमाईतून आणले. आपले म्हणून काहीतरी हातात असले की कुणापुढे टोपी काढावी लागत नाही, एवढेच राजकारण त्यांनी मला शिकवले. कर कमी असावा, चर्चला वेळेवर जावे, सरकारने फार जवळ येऊ नये, ही माझी मते त्या इस्त्रीच्या टेबलाजवळची आहेत. ती मला कुणा गोऱ्याने पढवलेली नाहीत. हे मृत्युपत्रातसुद्धा लिहावे लागते, याचाच मला राग येतो.

आमच्या काळ्या वस्तीत ज्याला जवळजवळ कुणीच मत देत नाही, त्या रिपब्लिकन पक्षाकडून मी जिल्ह्याच्या शाळा मंडळावर निवडून आले, त्याच आठवड्यात आमच्या न्यू गिलियड चर्चचे कारभारी, डीकन ऑगस्टस पील, गायकवृंदाचे झगे परत न्यायला आले.

“अजून इस्त्री व्हायची आहे, डीकनसाहेब,” मी म्हणाले.

“असू दे. चुरगळलेले घालू आम्ही.”

कलम तिसरे. बचतीची निम्मी रक्कम कॅमिलला आणि निम्मी न्यू गिलियड चर्चला, गायकवृंदाच्या नव्या झग्यांसाठी. ते धुवायला कुठे टाकायचे याला अट नाही. याच चर्चमध्ये आमच्या पाळकांनी प्रार्थना केली होती, “देवा, आपली माणसं विसरलेल्यांना आठवण दे,” आणि डोळे मिटायचे सोडून सगळे माझ्या हॅटकडे बघत होते. बाहेर पायऱ्यांवर कुणीतरी म्हणाले, “बाहेरून काळी, आतून गोरी.” मी वळून म्हणाले, “आतून बघितलंस कधी?” पण जागा बदलली नाही. तिसऱ्या बाकावरच बसत राहिले.

कलम चौथे. वडिलांची विटा रचायची थापी कॅरोवे माजी विद्यार्थी संघाला द्यावी. इथे मला थोडे लांब लिहावे लागेल.

आमच्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत घेत नसत, त्या काळात आमच्याच लोकांनी सुट्टीच्या दिवशी राबून कॅरोवे हायस्कूल बांधले. चुना-सिमेंट वडील कालवत. पुढे रुथेनिया तिथे मुख्याध्यापिका झाली. अकरा वर्षांपूर्वी ती शाळा बंद करून मुलांना जिल्ह्याच्या नव्या शाळेत पाठवायचे, असा ठराव मंडळापुढे आला. मते समसमान होती. उरले माझे.

सभागृहात रुथेनिया उभी राहिली. “झेला, बाबांच्या हाताच्या भिंती आहेत त्या.”

“बाबांनी त्या बांधल्या कारण तिकडे आपल्याला दार बंद होतं,” मी म्हणाले. “आता उघडं आहे. गळक्या छपराखाली मुलांना कशाला बसवायचं? तिकडे प्रयोगशाळा आहे.”

“दार उघडंय गं. आत खुर्च्या कुणाच्या आहेत ते बघ ना!”

मी हात वर केला. शाळा बंद झाली. मुले नव्या शाळेत गेली आणि त्यांतली पुष्कळ चांगली शिकली. मी आजही तसेच मत देईन. रुथेनियाला तिकडे उपमुख्याध्यापिका केले, तिच्या निम्म्या वयाच्या एका गोऱ्या माणसाच्या हाताखाली. आणि कॅरोवेचे निम्मे शिक्षक त्या उघड्या दाराबाहेर राहिले. (हे शेवटचे वाक्य नंतर घातले आहे. कारण कलम सातमध्ये.)

कलम पाचवे. कपाटावरचे खोकेभर फोटो आमच्या पक्षाचे गोरे जिल्हाध्यक्ष वेंडेल स्ट्राउड यांना पोचते करावेत. सर्व फोटोंत मी त्यांच्या उजव्या खांद्याशी उभी आहे आणि एकाही फोटोत माझे तोंड उघडे नाही. हा पक्ष काळ्यांच्या विरुद्ध आहे, असे कुणी त्यांना टोचून बोलले की ते म्हणत, “आमच्या ऑर्झेलाला विचारा!” मला मात्र कुणी काही विचारले नाही.

त्या शिक्षकांना नव्या शाळेत घ्या, असा ठराव मी मांडला, तेव्हा ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “ऑर्झेला, तूसुद्धा तसलीच भाषा बोलायला लागलीस? तू वेगळी आहेस असं आम्ही समजत होतो.”

“कुणापेक्षा वेगळी, वेंडेल?”

ठराव पडला. पुढच्या वेळी तिकीटही नाही. त्यावर दुसऱ्या पक्षाची मंडळी घरी भाजलेला ॲपल पाय घेऊन आली. “आता तरी घरी या, मिस टगल.” मी म्हणाले, “मी घरीच आहे. तुम्ही माझ्या ओसरीवर उभे आहात.” ॲपल पाय तेवढा ठेवून घेतला. मत त्यांना दिले नाही.

कलम सहावे. अंत्यविधी न्यू गिलियडमध्ये व्हावा. कुठल्याही पक्षाच्या माणसाने भाषण करू नये. मी चुकले असे कुणाला म्हणायचे असेल तर सरळ म्हणावे. “पण मनाने चांगली होती” ही शेपूट लावू नये.

कलम सातवे. माझी बहीण रुथेनिया टगल हॉलोवे हिला या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही. हे विसरून झालेले नाही. वकीलबाई मिस ओडम म्हणाल्या, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. मला साक्षीदार तीच हवी होती. शाळा बंद झाल्यापासून आम्ही चर्चमध्ये मान हलवण्यापलीकडे बोललो नव्हतो. मी फोन केला.

“मेलीस की काय?” ती म्हणाली.

“अजून नाही. सही करायला ये. तुला काहीच ठेवलेलं नाही.”

ती म्हणाली, “मग येते.”

आज ती आली. मिस ओडम म्हणाल्या, साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते. “न वाचता मी कशावर सही करत नाही,” असे म्हणून तिने पहिल्यापासून वाचायला घेतले. माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. चौथ्या कलमाशी थांबली.

“दार उघडं होतं म्हणून लिहिलंस. बाहेर कोण राहिलं ते कुठाय?”

“ठराव मांडल्याचं पाचव्यात आहे.”

“ते तुझ्याबद्दल आहे. त्यांच्याबद्दल लिही.”

मी लिहिले. ती म्हणाली, “मत बदललंस?” मी म्हणाले, “नाही.” ती म्हणाली, “मीही नाही.” मग तिने खुर्ची माझ्या बाजूला ओढून घेतली आणि पुढचे वाचू लागली. ॲपल पायच्या ओळीवर हसली. मी बघितले.

येणेप्रमाणे सर्व वाचून, दुरुस्त्यांसह कबूल करून सही करते आहे.

ठिकाण टॅलोवा, जॉर्जिया. दिनांक १३ मार्च २०१८.

(सही) ऑर्झेला मे टगल

साक्षीदार १: (सही) जोनास व्हिटलो, मिस ओडम यांच्या कचेरीतील कारकून.

साक्षीदार २: (सही) रुथेनिया टगल हॉलोवे, निवृत्त मुख्याध्यापिका, कॅरोवे हायस्कूल. वकीलबाईंनी मला विचारले की ही बाई पूर्ण शुद्धीत, विचार करून हे लिहिते आहे का. माझे उत्तर माझ्याच हाताने लिहिते: हो. डोकं अगदी ठिकाणावर आहे. तेच तर माझं दुखणं आहे.