बारक्याचा रिपोर्ट

४ जून

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

फोनवर तू नुसतं हो-हो करून ठेवून देतोस, म्हणून पत्र. किमोचा तिसरा फेरा पार पडला. डोक्यावर केस उरला नाही, जीभ मात्र शाबूत आहे.

काल नर्सबाईंकडून कळलं, माझ्याशी जुळवून बघायचा तुझ्या रक्ताचा नमुना इथे आलेलाच नाही. आणि तू आईला सांगितलंस, रिपोर्ट जुळला नाही! आधी राग आला, मग रडू. तुझ्या बायकोने खरं सांगितलं: ताईला मगज देऊन माझ्यासारख्या रंगाऱ्याची हाडं पोकळ झाली तर शिडीवरून पडेन, ही तुझी भीती.

अरे वेड्या, हाडाला कोणी हात लावत नाही. हाडांच्या आतल्या मगजात रक्त तयार होतं. माझ्या मगजात बिनकामाच्या कच्च्या पेशी माजल्यात. किमोने त्या दबल्या, पण पुन्हा उठतील. म्हणून मगज रिकामा करून तिथे दुसऱ्याच्या चांगल्या पेशी घालायच्या. तुला आधी चार-पाच दिवस इंजेक्शनं, त्याने अंग ठणकेल. मग दंडातून रक्त घेऊन यंत्र त्यातल्या पेशी गाळतं आणि उरलेलं रक्त तुला परत देतं. गेलेल्या पेशी काही आठवड्यांत भरून येतात.

जबरदस्ती नाही. नाही म्हणालास तरी माझा भाऊच राहशील. पण खोटं नको. मला जगायचंय रे.

तुझी ताई

१९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. दवाखान्याच्या दारापर्यंत आलो होतो गं, तिथून परत फिरलो. आईला तोंडाला येईल ते सांगितलं. पायांवर डोकं ठेवतो.

दुसऱ्याच दिवशी नमुना दिला. पूर्ण जुळला! डॉक्टर म्हणाले, पुढे तुझा रक्तगटही माझाच होईल. जन्मभर मला नावं ठेवलीस, आता भोग. भीती अजून वाटते. तरी येतोय.

माया आहे तेवढी राहू दे.
बारक्या

२ जुलै

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तू खालच्या मजल्यावर, मी काचेआड, म्हणून ही चिठ्ठी नर्सबाईंच्या हाती. उद्यापासून मगज रिकामा करायचं मोठं औषध. डॉक्टरांनी समोर बसून स्पष्ट सांगितलं, त्यानंतर माझा मगज आपला आपण सावरणार नाही. भावाने ऐनवेळी माघार घेतली तर जीवावर बेतेल. त्याचा भरवसा आहे का, असं विचारलं.

मी म्हटलं, तो एकदा दारातून पळालेला आहे. मग त्यांच्याकडून पेन घेतलं आणि संमतीच्या कागदावर सही केली.

तुझीच,
ताई