शुभेच्छुक : समस्त टँकरग्राहक

६ एप्रिल, सोमवार

छापून आलं. आणि काय आलं! मी मथळा दिला होता — 'शिल्पनगरच्या नळांना पाणी का नाही?' सकाळी पेपर उघडला तर — 'समर्थभाऊंच्या पुढाकाराने शिल्पनगरात टँकर'. आणि खाली माझं नाव. मिनल. ठळक टायपात!

बारा दिवस वणवण केली होती या बातमीसाठी. नवी पाइपलाइन दोन वर्षांपूर्वीच टाकून झालीय. टाकी भरलेली असते. फक्त आमचे नळ कोरडे. आणि पाणी घेऊन येतात ते टँकर कुणाचे? नगरसेवक समर्थभाऊंच्या धाकट्या भावाचे. एवढंच लिहिलं होतं, तिसऱ्या परिच्छेदात, दोन ओळींत. संपादकसाहेबांनी नेमक्या त्याच दोन ओळी उडवल्या. वर भाऊंचा फोटो — टँकरच्या पाइपला हात लावून हसताना.

बाबा रोज सकाळी लाल पेन घेऊन पेपर वाचतात. महाळुंग्याच्या कंपनीत पंचवीस वर्षं क्वालिटीला होते, ती खोड जात नाही. वेलांटी चुकली की गोल. आज त्यांनी माझ्या नावाभोवती गोल काढला. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

७ एप्रिल

साहेबांना विचारलंच. मान वर न करता म्हणाले, "मिनल, पेपर बातम्यांवर चालत नाही. वाढदिवसांवर चालतो."

२ मेला भाऊंचा वाढदिवस. चोवीस पानांची शुभेच्छा पुरवणी निघणार. म्हणजे तोवर भाऊ देवमाणूस!

संध्याकाळी साहेब निघाले — नेहमीसारखे ऑफिसच्या फिल्टरवर दोन कॅन भरून घेऊन. रोज भरतो हा माणूस. फुकटचं पाणीसुद्धा सोडवत नाही! अशा माणसाकडून मी कणा असण्याची अपेक्षा करतेय. माझंच चुकलं.

९ एप्रिल

टँकर आला नाही. आईच्या गुडघ्याला सूज आहे, तरी तळमजल्याच्या नळावरून तीन मजले सहा खेपा केल्या तिने. मी कामावर, बाबा तपासणीसाठी दवाखान्यात. लोकांच्या प्रश्नांवर लिहिते म्हणे मी!

११ एप्रिल

आज कळलं खरं काय ते. ज्योतीराम भेटला — आमच्या भागात पाणी सोडतो तो. बाबांची आणि त्याची विहारातली ओळख. चिंचवड स्टेशनजवळ बाबा, मी आणि तो चहाला बसलो. मग बाबांकडे बघत म्हणाला, "कोंडीरामदादा, तुमच्यापास्नं काय लपवायचं? सात नंबरचा व्हॉल्व्ह पुरा उघडला तर तुमच्या तिसऱ्या मजल्यावर धो धो पाणी जाईल. पन वरनं सांगणं हाय, चारच आटे द्यायचे. पाचवा आटा दिला की दुसऱ्या मिनिटाला फोन येतोय."

आटे म्हणजे व्हॉल्व्हच्या चाकाचे फेरे. चार आट्यांत पाणी तळमजल्याच्या नळापर्यंत कसंबसं येतं आणि दम टाकतं. दोन वर्षं! दोन वर्षं आम्ही पाइपलाइनला शिव्या घालतोय.

"आनि आमी काय करणार ताई? कंत्राटावर हाय मी."

माझं डोकंच फिरलं.

१४ एप्रिल

जयंती. भाऊ निळा फेटा बांधून हजर. शेजारी टँकर, त्यावर भलामोठा बोर्ड — 'सौजन्य : समर्थभाऊ'. पाणी पालिकेचं, पैसा आमचा, सौजन्य यांचं! आई हळूच म्हणाली, "चवदार तळ्याचं भाषण देतोय बघ. टँकरपुढं उभा राहून."

१६ एप्रिल

पुन्हा लिहिलं. आट्यांसकट. साहेबांनी दोनदा वाचलं — बघितलं मी. मग विचारलं, "माणसाचं नाव देणार?" नाही म्हटलं. "मग पुरावा काय?" त्यांनी कागद घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला. "आटेबिटे लोकांना कळत नाहीत."

लोकांना कळत नाहीत! लोक आट्याआट्याने मरतायत.

२० एप्रिल

बाबा म्हणजे खरंच! जेवताना एकदम म्हणाले, "बातमी छापत नाहीत ना? मग शुभेच्छा छापतील."

मला वाटलं, चेष्टा. पण ताट सारून कागद घेऊन बसले. ज्योतीरामला आधीच विचारून आले होते. तो म्हणाला म्हणे, "टाका दादा. माझं नाव तेवढं नका टाकू." बाबांच्या सुवाच्य अक्षरात मजकूर असा —

'कार्यसम्राट, प्रभागाचे भाग्यविधाते समर्थभाऊ यांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा! सात नंबरचा व्हॉल्व्ह चारच आट्यांवर ठेवून आपल्या धाकट्या बंधूंच्या टँकरला बारमाही काम मिळवून दिल्याबद्दल आम्ही आपले सदैव ऋणी आहोत. शुभेच्छुक : शिल्पनगरमधील समस्त टँकरग्राहक.'

आई हसून हसून बेजार. मी हसले, आणि मग लक्षात आलं. नोकरी जाईल माझी. बाबा म्हणाले, "तू त्या दिवशी रजा घे. जाहिरात मी देणार."

२३ एप्रिल

रजा घेतली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून जाहिरात खिडकीवर गेले. तिथे भाग्यश्री बसते. तिने 'कार्यसम्राट' वाचलं आणि पुढचं न वाचताच पावती फाडली. भाऊंचा फोटो कोणता घ्यायचा, एवढंच विचारलं तिने.

२८ एप्रिल

धाकधूक. भाग्यश्रीला सहज विचारल्यासारखं विचारलं, पुरवणीची प्रूफं कोण बघतं? म्हणाली, "साहेब. पण बघतात कसले! गठ्ठा आला की सह्या ठोकतात." हुश्श.

२ मे

छापली! पान सतरा, डावीकडे खाली. एका बाजूला पतसंस्था, दुसऱ्या बाजूला मिसळवाले, मध्ये आम्ही.

आणि बाबांनी काय करावं? लाल पेन काढलं. "मी 'सात नंबरचा' लिहिलं होतं. यांनी 'सात आणि नऊ नंबरचे' छापलंय. अरे, शुभेच्छासुद्धा नीट छापता येत नाहीत तुमच्या लोकांना!" ऑपरेटरने दुसऱ्या कुठल्या जाहिरातीतला मजकूर घुसडला असणार. नेहमीचंच.

दिवसभर वाट पाहिली. कुणाचा फोन नाही, काही नाही. कुणीच वाचत नाही! चोवीस पानं नुसती भाऊंचे फोटो मोजायला असतात. बाबांचा चेहरा संध्याकाळपर्यंत एवढासा झाला.

३ मे

भाऊंच्या पीएने पुरवणीतल्या सगळ्या जाहिरातींचे फोटो भाऊंच्या स्टेटसला टाकले. सगळ्या! आमचीसुद्धा! वर हात जोडलेले — 'आपल्या प्रेमाने भारावून गेलो'.

दुपारपर्यंत अख्ख्या चिंचवडच्या मोबाइलवर. हिंजवडीत कंपनीच्या कॅबमध्ये अडकलेल्या दिव्याने — माझी मामेबहीण — तिथून पाठवलं. तिला कुठे माहीत, शुभेच्छुक कोण ते! बाबांनी तिसऱ्या मजल्यावर पेढे वाटले.

४ मे

सकाळी नळाला पाणी. तिसऱ्या मजल्यावर! आई नळाखाली हात धरून उभीच राहिली, भांडं लावायचं विसरली. पालिकेचे इंजिनिअर पहाटेच येऊन सगळे आटे देऊन गेले म्हणे. चौकशी करणार, असंही म्हणाले.

आणि उद्याचा मथळा? 'समर्थभाऊंच्या प्रयत्नांना यश. शिल्पनगरला पूर्ण दाबाने पाणी'. मलाच लिहायला लावला. लिहिला! साहेब समोर बसून म्हणाले, "लिही गं. पाणी आलं ना?" इतका निर्लज्जपणा.

मालक मात्र भडकलेत. जाहिरात पास कुणी केली, त्याला घरी पाठवणार. उद्या प्रूफांची फाइल काढायला सांगितलंय. मला.

५ मे

पान सतराचं प्रूफ सापडलं. खाली साहेबांची सही. आमच्या मजकुरात 'सात नंबरचा' खोडून वर त्यांच्या तिरक्या अक्षरात — 'सात आणि नऊ नंबरचे'. पुढचा 'व्हॉल्व्ह' तसाच ठेवलाय.

ज्योतीरामला फोन लावला. नऊ नंबरवर कोण राहतं?

"नऊ व्हय? तुमच्या साहेबांची सोसायटी हाय की त्या लायनीवर. तितं तर दोनच आटे देत हुतो."

दोन कॅन. रोज.

मालकांना सांगितलं, प्रूफ सापडत नाही. ते या वहीत आहे.