येऊन गेले, दादा

प्रिय दादा,

केरू तुझा निरोप घेऊन वर आला होता. चढानं त्याला धाप लागलेली. पाणी प्यायला आणि चहूकडचं रान बघत म्हणाला, "सरूताई, एकटीला भ्या नाय वाटत?" इतक्या वर्षांत तुझ्याकडून आलेलं हे पहिलं माणूस, म्हणून भाकरी खाऊ घालून त्याला परत धाडलं. उत्तर मात्र त्याच्या तोंडी द्यावंसं वाटलं नाही.

तू माझं घर पाहिलेलं नाहीस. रोह्याहून शेवटच्या वाडीपर्यंत जीप येते, पुढे नुसती चढण. आईच्या मामाची नाचणीची जागा पडीक होती, तिथे मी मेढी रोवल्या. कारवी तोडून कूड विणले, शेणमातीनं लिंपले. पहिलं छप्पर पेंढ्याचं होतं, ते श्रावणातल्या वाऱ्यानं नेलं. उरलेला पावसाळा कोपऱ्यात ताडपत्रीखाली काढला आणि उन्हाळ्यात कौलं डोक्यावरून वर आणली. बिबट्यानं शेळ्या नेल्या. एकदा तापात झऱ्यापर्यंत सरपटत जाऊन पाणी प्यायले. बाजारातल्या बाया म्हणतात, सरू धीराची. धीर कसला? खाली जायला दार नव्हतं.

नवऱ्यानं दुसरी आणली, तेव्हा बोचकं घेऊन माहेरी, कासूला उतरले होते. वहिनी उंबऱ्यातच म्हणाली, "घरात सोडलेली बाय असली तर माझ्या पोरीला स्थळ कोण आनील?" तिचं बोलणं मी कधीच गिळलं. तिला लेकीची काळजी होती, आणि निदान तोंडावर बोलली तरी. तू पडवीत बसून कंपनीच्या बुटांच्या नाड्या बांधत होतास. बांधून झाल्या तरी मान वर केली नाहीस. "शिफ्ट हाय," एवढंच म्हणालास आणि डोलवीच्या गाडीला गेलास. आई गेल्याचंही मला तेरावं उरकल्यावर रोह्याच्या बाजारात कळलं, वालाच्या शेंगा विकताना.

आता वहिनीचं अर्धं अंग गेलं, लेक सासरी, आणि तू सांगून पाठवतोस, "घर तुझंच हाय, ये." माझं कधी झालं रे ते? तिला उचलायला हात कमी पडले तेव्हा?

तुला वाटत असेल, मी आलेच नाही. मंगळवारी येऊन गेले. तू कामावर होतास. शेजारच्या काशीबाईनं दार उघडलं. तुला सांगू नको, असं मीच तिला म्हटलं. वहिनीचं अंग पुसलं, जटा सोडवून वेणी घातली, पेज भरवली. तिची वाचा गेली आहे, पण डोळ्यांना सगळं कळतं. मी उठले तशी चांगल्या हातानं तिनं माझा पदर धरला. पुन्हा तिच्याजवळ बसले. मग तिचं एकेक बोट सोडवलं आणि रोह्याची गाडी धरली. तिच्यासाठी थांबलेही असते, दादा. पण संध्याकाळी तू येऊन माझ्या हातचं जेवायला बसला असतास, मधली वर्षं झालीच नाहीत असा. ते मला सोसवलं नसतं. म्हणून लिहिते आहे. तिची पाठ सोलायला लागली आहे. तिला सारखी कुशीवर वळवावी लागेल. ते तू कर. केरूला पुन्हा पाठवू नकोस.

तुझीच,
सरू