घळीतून मागे वळलेला माणूस

ता. १४, मंगळवार, दुपार

आईला बघून पाठ फिरवतात होय रे? कुत्रं मागे लागलं तरी माणूस एकदा वळून बघतो. तू तेवढंही केलं नाहीस. रविवारी त्या घळीत मी हाक मारली, तू थांबलास आणि आल्या वाटेनं चालता झालास. तेव्हापासून मला घरात जागा सापडत नाही. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कशाला उठले ते आठवत नाही. तुझ्या भावाची बायको म्हणते, "सासूबाई, फरशी झिजेल." झिजू दे. तिच्या बापानं घातलेली नाही.

आता आशीर्वाद. तू, सूनबाई, पोरं बरी असाल. आम्ही बरे आहोत. ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्यात, ते पेन भिकार आहे म्हणून.

म्हणशील, म्हातारी जंगलात कशाला कडमडली? डॉक्टरनं चालायला सांगितलंय. धाकट्याला म्हटलं, त्या सरकारी जंगलात ने, जिथली वाट गोल फिरून परत फाटकाशी येते. तो म्हणाला, "आई, घरामागे बाग आहे की." म्हटलं, "बागेत म्हातारे चालतात."

नातीचे बूट घातले. गुलाबी नाड्यांचे. हसायचं नाही. आधी नुसती झाडी. पायाखाली कुजका पाला आणि मुळं अशी वर आलेली की एकेक ओलांडताना देव आठवावा. मग लाकडी पायऱ्या घळीत उतरतात. दोन्हीकडे कातळ, खाली ओढा, आणि वाट इतकी चिंचोळी की समोरून कोणी आलं तर एकानं कातळाला चिकटून उभं राहायचं. धाकट्यानं सगळा वेळ माझं कोपर धरलेलं, जशी काही मी पळून जाणार होते.

तिथंच नाडी सुटली. तो गुडघ्यावर बसून बांधायला लागला, आणि समोरच्या वळणावर तू. डावा खांदा पडलेला, उजवा हात पाठीमागे, दर पावलाला हिसका, चेन घसरणाऱ्या सायकलीसारखा. जन्मभर सायकली दुरुस्त करून करून तुझा बापही असाच चालायचा. मी ओरडले, "बोक्याऽऽ!" घळीनंही माझ्यामागून ओरडून दाखवलं. तू थांबलास. मग वळलास.

धाकटा खालीच बघत म्हणाला, "पाय हलवू नकोस."

"कोण होतं रे?"

"कोण म्हणजे? लोक येतात, जातात."

एक नाडी बांधायला एवढा वेळ? लहानपणी बापाच्या दुकानात डोळे मिटून चेन बसवायचा हा. मला वाटतं, त्यानं मान मुद्दामच वर केली नाही. दोघं एकाच मातीचे. त्यानं तुला न विचारता दुकान विकलं, तेव्हापासून तुमची तोंडं दोन दिशांना. चुकलंच त्याचं, त्याच्या तोंडावर सांगितलंय मी. पण दुकान गेलं, पाने-पकडी गेल्या, आता माणसांवरही गंज चढू द्यायचा?

बरं, डॉक्टरचं खोटं सांगितलं. चालायला कोणी सांगितलेलं नाही. तू दर रविवारी तिथं जातोस, उजवीकडून निघतोस, हे तुझी लेक फोनवर बोलून गेली होती. म्हणून मी धाकट्याला हट्टानं डावीकडून न्यायला लावलं. वाट गोल आहे, कुठेतरी गाठ पडणारच. एवढं गणित चौथी नापास बाईलाही येतं.

आणि पेनही चांगलं आहे. डॉक्टरनं सांगितलं ते वेगळंच. एक डोळा गेल्यात जमा, दुसरा त्याच्या मागोमाग निघालाय. ऑपरेशनचा उपयोग नाही म्हणाला. कडेकडेचं दिसतं, मधलं जातं. ज्याच्याकडे बघावं त्याचंच तोंड पुसलेलं. घळीत मला चाल दिसली, चेहरा नाही. म्हणजे तो तूच होतास असं मी छातीठोक सांगू शकत नाही. दुसराच कोणी असेल, अनोळखी म्हातारी किंचाळली म्हणून घाबरून पळाला असेल, तर त्या बिचाऱ्याला घातलेल्या सगळ्या शिव्या परत घेते. तुझ्यासाठीच्या राखून ठेवते.

हेच मला बसू देत नाही. तू वळला असशील तर त्याचं मी बघून घेईन. पण पोटचं पोर मला ओळखू आलं की नाही, हे कोणाला विचारू? धाकटा तर त्या दिवसापासून बुटांचं नावही काढत नाही.

उत्तर लिहू नकोस. वाचायला तुझ्या भावजयीकडे द्यावं लागेल, आणि ती दर ओळीला "अगं बाई" करते. सूनबाईनं फोन करायचा नाही. लेकीला पुढे करायचं नाही. उत्तर तूच द्यायचंस, आणि तेही पायांनी. दार धाकटा उघडेल, ते मी बघते. तू तोंडातून शब्द काढायचा नाहीस. दारापासून माझ्या खुर्चीपर्यंत नुसतं चालत यायचंस. तो तू होतास की नाही, ते मी सांगेन.

तोवर एका जागी बसायला बघते,
तुझी आई